जाताना चुकणारी होडी

माझी मावशी तळ्यावर होडी चालवते. तळं म्हणजे एवढंसं. या काठावरून हाक मारली की त्या काठावरच्या माणसाला ऐकू जाते, तो मागे वळून बघतो आणि न ऐकल्यासारखं करतो, कारण आमच्याकडची माणसंच तशी. एवढ्याशा तळ्याला होडी कशाला, असं बाहेरून येणारा प्रत्येकजण विचारतो आणि प्रत्येक वेळी माझं डोकं फिरतं. अहो, दोन्ही अंगांना डोंगराचे कडे सरळ पाण्यात उतरलेत. वरून वळसा घालायचा तर ढासळत्या दगडांवरून अर्धा दिवस चढउतार करा, गुडघे फोडून घ्या. या काठाला रस्ता, दुकानं, दवाखाना. त्या काठाला शाळा, मेंढ्यांचे गोठे आणि वरच्या कुरणाची वाट. मधे पाणी, तेही वरच्या बर्फाचं, उन्हाळ्यातसुद्धा हात घातला की बोटं बधिर होतात. म्हणून होडी, आणि म्हणून मावशी.

पलीकडचा काठ दिसतो तेवढा सरळ नाही. सगळा काठ लव्हाळ्यांनी भरलेला, आत गुडघाभर चिखल आणि पाणकोंबड्यांची घरटी. लव्हाळ्यांच्या अलीकडे पाण्याखाली एक खडक आहे, पाणी वाढलं की तो दिसत नाही. या सगळ्यात होडी लागेल अशी एकच फट आहे, दोन दगडांच्या मधली. होडी त्या फटीत घुसली तर माणूस कोरड्या चपलेने उतरतो. हातभर चुकली तर चपलेचं नाव सोडा.

आणि वल्हवणाऱ्याचं तोंड तर मागे असतं. जायचं तिकडे पाठ, निघालो तिकडे तोंड. मावशीला ती फट जाताना कधी दिसतच नाही. सुटलेल्या काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या आणि मान न वळवता ओढत राहायचं, असं आजोबांनी तिला शिकवलं. पोरसवदा होती तेव्हापासून ती हे करतेय. मान वळवून बघणाऱ्या नावाड्याला ती नावाडीच म्हणत नाही. होडीत बसलेले लोक पुढे बघत असतात, ती त्यांच्या डोक्यांवरून आमच्या गावाकडे बघत असते, आणि होडी जाऊन बरोबर फटीत बसते.

मी शिंपीण आहे. रस्त्याच्या काठाला आमचं घर, खाली माझं दुकान, वर माडी. माझी आई माडीच्या खिडकीत खुर्ची टाकून माझ्या कपड्यांना काजं करायची, बटणं लावायची. तिच्यासारखी काजं या खोऱ्यात कोणी करत नाही. सकाळी बसली की उजेड जाईपर्यंत तिथेच. मी म्हणायचे, खाली ये, माझ्याशेजारी बस, गप्पा होतील. ती म्हणायची, इथे उजेड चांगला आहे.

आता सांगायची गोष्ट अशी की आई आणि मावशी सख्ख्या बहिणी आणि एकमेकींशी बोलत नाहीत. का, ते मला विचारू नका, मी विचारून विचारून हात टेकले. कोणी म्हणतं आजोबांनी होडी धाकटीला दिली म्हणून. कोणी म्हणतं आईच्या लग्नात मावशी भर पंगतीतून उठून गेली म्हणून. आईला विचारलं तर म्हणते, तिला विचार. मावशीला विचारलं तर ती वल्हं पुसत बसते. माझी तर खात्री आहे की त्या दोघींनाही आता नीट आठवत नसणार, पण हे तोंडावर म्हणायची माझी छाती नाही.

गावाने मात्र यातून एक रीत पाडून घेतली. आईसमोर मावशीचं नाव काढायचं नाही, मावशीसमोर आईचं. एकदा किराणावाल्याने होडीत बसून सहज म्हटलं, तुमच्या ताईंना खोकला झालाय. मावशीने त्याला पलीकडे उतरवलं आणि संध्याकाळपर्यंत परत आणायला गेली नाही. तेव्हापासून सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं. मीसुद्धा. मावशी रोज माझ्या दुकानाच्या पायरीशी येऊन चहा घ्यायची, माझ्यावर तिचा भारी जीव, पण उंबरा ओलांडायची नाही आणि वर बघायची नाही. वर आई सुई चालवत असायची. त्या चहात मी हवामान, मेंढ्या, दोऱ्याची रिळं, सगळं बोलायचे. आई सोडून.

यंदा थंडी ओसरली आणि आईचे गुडघे गेले. जिना चढवेना. मी आणि शेजारच्या सुताराने तिचा पलंग खाली आणला, स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत. तिथे मागच्या अंगणाचा उजेड येतो, चुलीची ऊब लागते. मला वाटलं, बरं झालं. आईची काजं मात्र आधीपेक्षा सावकाश व्हायला लागली.

आणि मावशीची होडी चुकायला लागली.

पहिल्यांदा होडी लव्हाळ्यात घुसली तेव्हा सगळे हसले. दवाखान्यातल्या नर्सबाईंची एक चप्पल चिखलाने गिळली, त्या एका पायावर उड्या मारत शाळेपर्यंत गेल्या. मावशीही हसली. दुसऱ्यांदा कोणी हसलं नाही. त्यानंतर तर रोजचंच झालं. कधी फटीच्या डावीकडे, कधी उजवीकडे, एकदा तर इतकी लांब की मेंढपाळ पलीकडून काठी हलवत धावत आला.

मग काय, ज्याला त्याला अक्कल फुटली. कोणी म्हणालं डोळे गेले. कोणी म्हणालं वय झालं. सुतार म्हणाला डावं वल्हं नवं आहे, जड पडत असेल, आणि तासून हलकं करून दिलं, तरी चुकली. पंपवाला, जो तळ्याच्या समितीचा अध्यक्षही आहे आणि स्वतःला फार शहाणा समजतो, तो म्हणाला की वरून दगड कोसळलेत त्यामुळे तळ्याचा प्रवाहच बदलला. या तळ्याला प्रवाह आहे हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. लोक माना डोलावत होते. मी पण डोलावली, कारण मला तरी काय कळत होतं?

मी मावशीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिने पाटीवरची सगळ्यात खालची ओळ वाचली आणि वर पाटी कुठल्या छापखान्यात छापली तेही वाचून दाखवलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, विसरतात का काही? मी म्हटलं, विसरली असती तर बरंच झालं असतं. त्यांना काही समजलं नाही.

माझं डोकं चालेनासं झालं होतं. कारण एक गोष्ट कोणाच्याच हिशेबात बसत नव्हती. येताना मावशी चुकत नव्हती. तिकडून निघालेली होडी आमच्या धक्क्याच्या खांबाला अशी येऊन टेकायची की बसलेल्याच्या हातातला चहा हिंदकळणार नाही. डोळे तेच, हात तेच, वल्ही तीच. जाताना चुकते आणि येताना नाही. वय झालेला माणूस काय फक्त एका दिशेला म्हातारा होतो?

एक दिवस दोऱ्याची रिळं आणायला मी माडीवर गेले. आईची खुर्ची तशीच खिडकीशी होती. मी सहज तिच्यात टेकले आणि बाहेर बघितलं. डोंगराची सावली निम्म्या पाण्यावर आली होती, उरलेलं निम्मं हिरवं चकचकीत. मधोमध मावशीची होडी पलीकडे चालली होती. धक्क्याचा खांब, होडी आणि मी, तिघं एका ओळीत. मावशीचं तोंड सरळ माझ्याकडे. एकदम तिची वल्ही थांबली. ती मान पुढे काढून खिडकीकडे बघत राहिली. मी हात हलवला. तिने बघितलं, मग वल्ही पुन्हा पाण्यात टाकली, पण कशीतरी, अर्धवट.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खूण! दुसरी खूण म्हणजे आमची खिडकी. खांब आणि खिडकीत बसलेली आई, ही तिची रेषा. आई खाली गेली आणि रेषेचं एक टोक पुसलं गेलं. एवढीशी गोष्ट, आणि अख्खं गाव प्रवाह शोधत बसलं होतं. माझ्या हुशारीवर मीच खूश झाले. मावशीला विचारायची सोय नव्हती, विचारायचं म्हणजे आईचं नाव आलं. मग मीच ठरवलं, खिडकीला अशी खूण करू की आंधळ्यालाही दिसेल. आईची लाल रजई घेतली, दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या गजांना बांधून बाहेर सोडली आणि शिवणयंत्रावर जाऊन गाणं गुणगुणत बसले.

त्या सकाळी होडीत शाळेचे मास्तर एकटेच होते. त्यांनी नंतर सांगितलं ते असं. धक्का सोडला, मावशीने वर बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. तळ्याच्या मध्यावर तिने वल्ही सोडून दिली. होडी गोल फिरायला लागली. मास्तर हाका मारत होते, तिला ऐकू जात नव्हतं. मग एकाएकी तिने अशी वल्ही मारायला सुरुवात केली की जणू कोणी पाठीस लागलंय, आणि होडी धाडकन खडकावर चढली. मास्तर डब्यासकट पाण्यात. कमरेएवढंच पाणी होतं म्हणून निभावलं, पण ते पाणी म्हणजे बर्फच. आठवडाभर ते शिंकत होते.

मी धावत धक्क्यावर गेले. मावशी परत आली होती, होडी बांधून फळीवर बसली होती.

"मावशी, काय झालं गं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "तू बरी आहेस ना?"

"मी? मला काय धाड भरलीय?"

"आणि घरी? सगळं ठीक?"

"सगळं ठीक."

"सगळं?" तिने पुन्हा विचारलं.

"सगळं म्हणजे सगळं," मी म्हटलं. तिने तोंड फिरवलं. चहाला ये म्हटलं तर नको म्हणाली. मावशीने चहा नको म्हटल्याचं मला आठवत नाही. मी घरी आले ती गोंधळलेलीच. खूण तर मी केली होती, चांगली भडक केली होती, मग ही आणखी कशी बिघडली?

समितीला तेवढंच निमित्त हवं होतं. पंपवाल्याने त्याच संध्याकाळी धक्क्यावर जाहीर केलं की परवा सकाळी सगळ्यांसमोर मावशीने होडी पलीकडे न्यायची. फटीत लागली तर ठीक, नाहीतर फेरी त्याच्या पुतण्याकडे, तो मोटारीची होडी आणणार. पुतण्याला स्वतःच्या चपलांतली डावी कुठली ते सांगता येत नाही. आणि त्या मोटारीच्या फटफटीने लव्हाळ्यातल्या पाणकोंबड्या एका दिवसात उठून जातील, पण ते कोणाला सांगता? माझा जीव तुटत होता तो मावशीसाठी. धक्क्याजवळच्या एका खोलीत राहते, मागे ना पुढे कोणी. जमिनीवरसुद्धा ती होडीत असल्यासारखी डुलत चालते. होडी काढून घेतली तर तिने सकाळी उठून करायचं काय?

घरी आले तर आई पलंगावर बसून काज करत होती.

"माझी रजई कुठे आहे?"

माझा संताप झाला. कोणावर ते मलाच कळेना. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या घरात ते बोलले.

"आई, मावशी चुकतेय."

सुई थांबली. मला वाटलं आता भांडं फेकून मारते.

"कुठे लागते?" आईने विचारलं.

"लव्हाळ्यात. आज खडकावर."

"जाताना?"

"जाताना. येताना नाही."

आईने काज पुरं केलं, दोरा दाताने तोडला. "मी खिडकीत नाही म्हणून."

"म्हणजे तुला माहीत होतं? ती तुझ्याकडे बघून होडी नेते हे?"

"ती बघायची. मी पण बघायचे. त्यात काय."

"तू तर म्हणायचीस उजेडासाठी बसते."

"उजेड होताच की."

मी कपाळाला हात लावला. रजईचं सांगितलं, समितीचं सांगितलं. म्हटलं, परवा मी आणि सुतार तुला उचलून माडीवर नेतो, एवढी सकाळ खिडकीत बस, मावशीची होडी वाचेल. आईने मान हलवली.

"उचलून नको. मी काय पोतं आहे? आणि होडीला जिना नसतो," ती म्हणाली. याचा अर्थ मला लगेच कळला नाही. कळला तेव्हा मी विचारलंही नाही, न जाणो विचार बदलायची.

ठरलेल्या सकाळी धक्क्यावर अख्खं गाव. ढग पाण्यापर्यंत उतरून पुन्हा वर गेले होते, डोंगर धुतल्यासारखे. मास्तर आदल्या दिवसापासून पलीकडेच राहिले होते, फटीच्या दगडावर मफलर गुंडाळून उभे. मी आईला धरून आणलं. धक्क्याच्या फळ्यांवर आम्ही पाय ठेवला आणि बडबड थांबली. पंपवाल्याने घसा साफ केला, पण बोलला नाही. रीत त्यालाही माहीत होती.

मावशी होडीत वल्ही लावत होती. तिने वर बघितलं. तिचं तोंड उघडंच राहिलं. किती वेळ ती तशी बघत होती कोण जाणे, मला तर रडूच यायला लागलं होतं. मग, कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला चढवताना ती करते तेच तिने केलं. एक वल्हं धक्क्याला रोवून होडी स्थिर धरली आणि दुसरा हात पुढे केला. आईने तो धरला. दोघीही एक अक्षर बोलल्या नाहीत. आई मागच्या फळीवर बसली, मावशीच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी. मी पुढच्या टोकाला बसले, मावशीच्या पाठीशी, आईकडे तोंड करून. म्हणजे पुढे काय आहे ते आमच्यात एकट्या आईलाच दिसत होतं.

होडी निघाली. मला मावशीची पाठ दिसत होती आणि तिच्या खांद्यावरून आईचा चेहरा. मावशीने खांब बघितला नाही, खिडकी बघितली नाही. तिची मान एकदाही वर झाली नाही, ती आईकडेच बघत होती. आई तिच्याकडे. पाण्यावर वल्ह्यांचा आवाज, बाकी काही नाही. मधेच आईचे डोळे मावशीवरून उठून पुढे गेले आणि मोठे झाले. मला वाटलं पाणकोंबड्या दिसल्या असतील. ती पुन्हा मावशीकडे बघायला लागली, पुन्हा पुढे. ओठ हलले, मिटले. पदराचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं. मागे धक्क्यावर कोणीतरी ओरडत होतं.

"डावं ओढ," आई म्हणाली.

वल्ही थांबली. "काय?"

"डावं ओढ म्हणते. खडक आहे."

मावशीने डावं वल्हं अख्ख्या अंगाने ओढलं. खडक होडीच्या बुडाला खरवडत गेला, मी काठ घट्ट धरून बसले. होडी सुटली आणि पाण्यावर नुसती डुलत राहिली.

"कधीपासून दिसत होता तो?" मावशीने विचारलं. तिला धाप लागली होती.

"मघापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"आपण कुठे बोलतो?" आई म्हणाली.

मला हसू आलं, पण मी ते आवरलं. कारण मावशीने दोन्ही वल्ही आत ओढून मांडीवर घेतली होती आणि तिचे खांदे हलत होते.

"खिडकी रिकामी दिसली," ती म्हणाली. "वाटलं खाली शहरात नेलं, मोठ्या दवाखान्यात. रोज बघत होते, आज दिसशील, उद्या दिसशील. होडी कुठे जाते तिकडे लक्षच नव्हतं. मग त्या दिवशी तुझी रजई बाहेर टांगलेली. अंथरूण असं कधी काढतात, ताई? मी म्हटलं, संपलं. ताई गेली आणि मला कोणी सांगितलंसुद्धा नाही."

"वेडी आहेस. गुडघे दुखतात म्हणून खाली निजते. गेले असते तर सांगितलं असतं कोणीतरी."

"कोण?" मावशी म्हणाली. "कोण सांगणार होतं?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी पाण्याकडे बघितलं. रोज चहा देत होते मी तिला, रोज. एक वाक्य होतं, आईचा पलंग खाली आणलाय. अख्ख्या गावाला ठाऊक होतं आणि कोणाच्याही तोंडून ते तिच्यापर्यंत गेलं नाही. खूण, प्रवाह, डोळे, वल्हं, सगळं शोधलं आम्ही.

"चल, ओढ आता," आई म्हणाली. नाक ओढून पदराने पुसलं. "थोडं उजवं. पुरे. सरळ. सरळ म्हटलं ना, तुला लहानपणापासून सांगितलेलं कळतच नाही."

"तू नीट सांग मग."

"उजवं, जरासं. हां. ये अशीच."

होडी फटीत जाऊन बसली. मास्तरांनी दोन्ही हात वर करून गावाकडे खूण केली, आणि धक्क्यावर पंपवाल्याने, नाइलाजाने का होईना, हात वर केला. होडी मावशीचीच राहिली. मास्तर वाकून आत बघायला लागले. त्यांना वरून काहीच उमगलं नसणार.

"लागली तर बरोबर," ते म्हणाले. "पण मावशी, मधे एवढा वेळ थांबलात कशाला? लोकांचा जीव खालीवर झाला. काही बिघडलं होतं का?"

"नाही," मावशी म्हणाली. "ताईशी बोलत होते."